लिनिअर अँप्लिफायर: व्हॉल्व्हचा की एलडीमॉसचा?
हॅम रेडिओच्या ट्रान्समीटरचा सिग्नल वाढवणारा लिनिअर अँप्लिफायर घरी बांधायचा, तर ३-५००झेडसारखा व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी) घ्यावा की ५० व्होल्टवर चालणारा एलडीमॉस (जास्त पॉवरचा ट्रान्झिस्टर)? व्हॉल्व्ह दिलदार, अँटेना थोडी बिघडली तरी निभावून नेतो. पण त्याच्या प्लेटवर (नळीतल्या धन टोकावर) ३००० व्होल्ट! प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेलेच असू शकतात, कारण त्यांना रिकामं करणारा ब्लीडर रेझिस्टर जळून गेलेला कळतही नाही. म्हणून हाय व्होल्टेजचा मीटर शून्यावर येऊ द्यायचा, मग अर्थिंगला जोडलेला धातूचा हुक असलेल्या काठीने कपॅसिटर शॉर्ट करायचे आणि काम संपेपर्यंत काठी तिथेच अडकवून ठेवायची. दुसरा हात खिशात, म्हणजे करंट छातीतून जाणार नाही.

एलडीमॉसला ट्यूनिंगची कटकट नाही. मात्र नको असलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारे लो-पास फिल्टर बँडनुसार बदलावे लागतात, आणि संरक्षण सर्किट सुस्त असेल तर महागडा ट्रान्झिस्टर क्षणात राम म्हणतो. (आरएफचा, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या विजेचा, चटका इथेही बसतोच.)

पहिलाच लिनिअर असेल तर माझं मत एलडीमॉसला. व्हॉल्व्हच हवा असेल, तर झाकण उघडताच हाय व्होल्टेज तोडणारा इंटरलॉक आधी बसवा.