बुजगावणं की बॉर्डर कॉली?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या मळ्यांत, माकडं बुजगावण्याला चार दिवसांत सरावतात. अमेरिकेतल्या सार्वजनिक बागांत हाकलायच्या कॅनडा गूज या हंसासारख्या पक्ष्यांचंही तेच: प्लास्टिकचा कोल्हा हलत नाही हे कळलं की त्याच्या शेजारीच चरतात. स्वस्त, पण निरुपयोगी.

दुसरा उपाय बॉर्डर कॉली, ही मुळात मेंढ्या वळणारी कुत्र्याची जात. अंग जमिनीलगत, नजर रोखलेली, चाल दबकी. चावत नाही, तरी पक्ष्यांना शिकारीच वाटते, म्हणून धाक टिकतो. खर्च मोठा, सोबत जाणता माणूस हवाच. उन्हाळ्यात या पक्ष्यांची उडायची पिसं गळतात तेव्हा मात्र कुत्रा सोडणं क्रूरपणा. १९१८ च्या अमेरिकी स्थलांतरित पक्षी कायद्याचं त्यांना संरक्षणही आहे.

बागेसाठी मी कॉलीच निवडीन. कुळागरासाठी नाही: माकड पोफळीवर चढलं की कुत्र्याचं काही चालत नाही.