आजोबांची काडतुसं: ठाण्यात, विक्रेत्याकडे की वारसाच्या परवान्यावर?

कोकणातल्या जुन्या घरात काडतुसाच्या बंदुकीबरोबर एखादा पत्र्याचा डबाही निघतो. त्यात कारखान्याची काडतुसं असतात, कधी घरी बार भरायचं सामानही: बंदुकीची दारू, केप (बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी), छर्रे, पुठ्ठ्याच्या चकत्या. परवानाधारक गेले की हे घरात ठेवायचा हक्क उरत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं.

दोन्हींत फरक आहे. ठाण्यात बंदूक मुद्देमालाच्या खोलीत पडून राहते, आणि तेल न लावलेल्या नळीचं पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको. विक्रेता सांभाळायचे पैसे घेईल, पण पुसून ठेवेल, आणि गिऱ्हाईकही त्याच्याकडेच येतं. चांगली बंदूक असेल तर मी विक्रेता निवडेन. नुसती काडतुसं असतील तर ठाणं. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, वारशाची धरून.

परवाना मिळाला तरी डब्यातला माल उडवायचा का, हा वेगळा प्रश्न. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) प्लास्टिकची काडतुसं कोरड्या जागी राहिली असतील तर जाणकाराला दाखवून ठेवण्यासारखी. कागदी काडतुसावर बोट फिरवून बघा. पुठ्ठा फुगलेला आणि पितळी बुडाला हिरवा गंज असेल तर ते नळीत नीट बसणार नाही, बसलंच तर अडकेल. घरी भरलेलं मात्र कितीही देखणं असो, सरळ बाद. आत कुठली दारू, किती, हे भरणाऱ्यालाच ठाऊक. जुन्या काळ्या दारूच्या मापानं तिच्याहून जोरदार, बिनधुराची दारू भरली गेली असेल तर नळी फाटते.

सुट्या दारूबाबत लोकांचा अंदाज हटकून चुकतो. काळी दारू जुनी झाली म्हणून मेलेली नसते. भिजून वाळली तरी ठिणगीनं पेटते. बिनधुराची खरोखर सडते: जवळ गेलं तरी आंबूस, नाकाला झोंबणारा वास, तांबूस धूर, डब्याला गंज. असा डबा उघडू नका, हलवू नका, गाडीत घालून तर मुळीच नेऊ नका; ठाण्यात कळवून त्यांनाच बोलवा. सुटे केप धक्क्यानंही उडतात, तेही तिथेच राहू द्या.

रिकामी पितळी काडतुसं आणि बार भरायचं यंत्र आठवण म्हणून ठेवावंसं वाटतं. पण कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, म्हणून तीही यादीत लिहून द्या आणि काय परत मिळेल ते तिथेच विचारा. पावतीवर बोअर आणि नग लिहून घ्या. मुदतीत परत घेतलं नाही किंवा विकलं नाही, तर सगळं सरकारजमा होतं.