इंदूरहून मांडव: भाड्याच्या कॅम्परव्हॅनचा अनुभव

घरातली ज्येष्ठ माणसे बरोबर असतील, तर मांडवसाठी, म्हणजे मध्य प्रदेशातल्या मांडू या जुन्या किल्ल्याच्या गावासाठी, कॅम्परव्हॅन (झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेणे फायद्याचेच आहे. मात्र गाडी ताब्यात घेण्यापूर्वी पाण्याची टाकी आणि बॅटरीवरचा पंखा स्वतः तपासून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. श्रावणात माळव्यात फिरण्यासाठी आम्ही इंदूरच्या एका व्यावसायिकाकडून चालकासह अशी गाडी घेतली आणि त्यातला एक दिवस मांडवला दिला.

बेटमा, घाटाबिल्लोद, धार या मार्गाने अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. पोहे-जिलेबी उरकून भल्या सकाळी निघाल्यामुळे रस्ता मोकळा मिळाला. धारपर्यंत गाडी अगदी स्थिर चालली. पुढे घाटात आणि विशेषतः जुन्या दरवाजांच्या अरुंद वाटेत एवढी लांब गाडी नेणे कौशल्याचे काम आहे, आणि आमच्या चालकाने समोरच्या वाहनांना आधी जाऊ देत ते शांतपणे पार पाडले. या सेवेतली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे हा चालक.

मांडवच्या वास्तू एका जागी नाहीत. उत्तरेकडे जहाज महाल, मध्ये गावात जामी मशीद आणि माळव्याचा सुलतान होशंगशहा याची कबर, आणि पठाराच्या दक्षिण टोकाला रेवाकुंड व राणी रूपमतीचा मंडप, असा हा कित्येक किलोमीटरचा पसारा आहे. म्हणूनच दोन ठिकाणांच्या मध्ये पाय पसरून पडण्याची सोय असणे फार मोलाचे ठरते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. तरीही त्या प्रत्येक ठिकाणी थोडे पाहून गाडीतल्या गादीवर विसावल्या आणि पुन्हा हौसेने उतरल्या.

जहाज महालासाठी मात्र भरपूर वेळ राखावा. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधली ही सुमारे १२० मीटर लांबीची वास्तू पावसाळ्यात तलाव भरल्यावर खरोखर पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते. गच्चीवर हौदाकडे येणारी दगडात कोरलेली पन्हळ गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाते. वळणावळणाने पाण्याचा वेग मंदावावा आणि गाळ मागे राहावा, अशी ही योजना सांगितली जाते. त्या पन्हळीजवळून मला हलवेना. शेजारच्या हिंडोला महालाच्या जाडजूड कललेल्या भिंती, १४५४ मध्ये पूर्ण झालेली भव्य जामी मशीद आणि होशंगशहाची संगमरवरी कबर हे सारे आम्ही दुपारपर्यंत पाहिले. कबरीच्या दाराशी शहाजहानच्या वास्तुकारांच्या १६५९ मधील भेटीची नोंद कोरलेली आहे. ती आवर्जून शोधावी.

गाडीतली गैरसोय नेमकी याच वेळी पुढे आली. गाडी देताना पूर्ण भरली असल्याचे सांगितलेली टाकी दुपारीच कोरडी पडली आणि जेवणाची भांडी तशीच ठेवावी लागली. इंजिन बंद असताना पंखा इतका मंद फिरे की दारे उघडी ठेवूनच बसावे लागले. श्रावणातल्या गार वाऱ्यामुळे ते निभावले. मे महिन्यात लहान मुलांना घेऊन या गाडीत दुपार काढणे मला योग्य वाटत नाही. गाडीच्या बाजूला ओढून घेता येणारे कापडी छत मात्र मजबूत होते आणि पावसाच्या सरीतही त्याखाली चहा करता आला.

रूपमतीच्या मंडपापर्यंत चढ असल्यामुळे सासूबाई खालीच थांबल्या. निमाडच्या मैदानापासून सुमारे ३६५ मीटर उंच कड्यावरच्या या जागेवरून हवा स्वच्छ असेल तर नर्मदा दिसते. आम्हाला ढगच दिसले, पण तेही सुंदर होते.

गाडी परत करताना पाण्याची आणि पंख्याची तक्रार आम्ही लेखी नोंदवली. मालकांनी ती मान्य करून भाड्यातली काही रक्कम परत दिली. पंखा दुरुस्त झाल्याचे कळले, तर हीच गाडी आणि शक्य झाल्यास हाच चालक घेऊन महेश्वरला जाण्याचा आमचा विचार आहे.