सांभाळायला दिलेली गाडी भाड्याने फिरली

महिनोन्महिने परदेशी जाणाऱ्यांच्या गाड्या मासिक भाडे घेऊन सांभाळणारे गॅरेजवाले आणि शेडवाले पुण्याच्या आसपास आता सहज सापडतात. त्यांतल्या एकाने आमची गाडी सांभाळण्याऐवजी परस्पर भाड्याने फिरवली, तिचे टायर आणि बॅटरी बदलली आणि वर सांभाळल्याचे पैसेही मागितले. हे उघडकीस कसे आले ते सविस्तर लिहीत आहे, कारण अशा प्रकारात गाडी परत मिळते तेव्हा ती धुऊन-पुसून लखलखीत केलेली असते आणि वरवर पाहणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही.

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेलेली आहे आणि सध्याच्या भाड्याच्या घराला पार्किंग नाही. एप्रिलच्या अखेरीस मुलीकडे कॅनडाला जायचे ठरले, परत यायचे ते थेट ऑक्टोबरात, आणि तेवढा काळ, त्यातही अख्खा पावसाळा, गाडी रस्त्याच्या कडेला उभी ठेवणे शक्य नव्हते. सातारा रस्त्याच्या बाजूला पत्र्याची बंदिस्त शेड, दारावर कॅमेरा, छापील पावतीपुस्तक आणि ‘लाँग टर्म केअर’ नावाचे पॅकेज असा सगळा नीटनेटका मामला होता. आत आच्छादने घातलेल्या आणखीही गाड्या उभ्या होत्या. मालक बोलायला अत्यंत मृदू होता आणि प्रत्येक वाक्याला ‘काका’ म्हणत होता.

त्याने दिलेला सल्ला बहुतांशी बरोबर होता, हे मुद्दाम नोंदवतो. टाकी काठोकाठ भरून आणा, म्हणजे आत हवेला जागा कमी राहते आणि पावसाळ्यात बाष्पाचे पाणी धरत नाही, असे तो म्हणाला, आणि ते खरेच आहे. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तर ओलाव्याचे वावडेच असते. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरावी, हँडब्रेक न ओढता चाकांना ठोकळे लावावेत, कारण ओढलेला ब्रेक दमट हवेत ड्रमला चिकटून बसतो, आणि आच्छादन प्लॅस्टिकचे न वापरता हवा खेळेल असे कापडी वापरावे, हेही त्याने सांगितले. फरक एवढाच की भरलेली टाकी, फुगवलेले टायर आणि ताब्यात आलेली किल्ली एवढ्यावर गाडी दुसऱ्याच दिवशी प्रवासाला निघू शकते.

किल्लीबाबत मात्र त्याच्या पॅकेजमध्येच एक विसंगती होती आणि ती प्रत्येकाने ताडून पाहावी अशी आहे. एका ओळीत ‘बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली जाईल’ असे लिहिले होते आणि पुढच्याच ओळीत ‘दर आठवड्याला इंजिन सुरू केले जाईल’ असे होते. तार काढलेली असेल तर दर आठवड्याला इंजिन सुरू करण्याचे काही प्रयोजन उरत नाही. चांगली, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी तार सोडल्यावर बरेच महिने तग धरते. उलट पाच-दहा मिनिटे उभ्या उभ्या इंजिन फिरवल्याने स्टार्टरने खेचलेला विजेचा साठासुद्धा नीट भरून निघत नाही. म्हणजे किल्ली मागण्यासाठी जे कारण दिले जाते त्यात फारसा अर्थ नसतो, आणि ती हातात पडली की पुढचे सगळे सोपे होते.

ठरल्याप्रमाणे दर पंधरवड्याला व्हॉट्सॲपवर फोटो येत राहिले. एक आच्छादनाखालच्या गाडीचा, एक मीटरचा, आणि खाली ‘ऑल ओके काका’. परत आल्यावर हे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले तेव्हा त्यांतली गंमत कळली. आमच्या गाडीच्या मीटरवर कोपऱ्यात बाहेरचे तापमान दिसते. ऑगस्टमध्ये आलेल्या फोटोत ते 39 अंश होते. पुण्याचा ऑगस्ट ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. भर पावसात, बंद शेडमध्ये, एवढा उन्हाळा कुठून येणार? मेपासून ऑक्टोबरपर्यंतच्या सर्व फोटोंत पेट्रोलचा काटा ‘फुल’वर होता आणि घड्याळातल्या वेळा दुपारच्या एकाच तासातल्या, काही मिनिटांच्या अंतराने पुढे सरकणाऱ्या होत्या. सगळे फोटो उन्हाळ्यातच एका बैठकीत काढून ठेवले होते आणि हप्त्याहप्त्याने पाठवले होते.

प्रत्यक्षात पहिली शंका आली ती गाडी ताब्यात घेतानाच, चाकाच्या जाळीतून आत पाहिल्यावर. महिनोन्महिने हललेली नसलेली गाडी असेल तर ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो आणि पहिल्या काही ब्रेकना खरखर येते. पावसाळा ओलांडलेल्या या गाडीच्या डिस्क आरशासारख्या चकचकीत होत्या. मग खाली बसून टायर पाहिले. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. गाडी देण्यापूर्वी मी पाचही टायरच्या या आकड्यांचे फोटो काढले होते आणि त्यांवर 1823, म्हणजे 2023 सालचा अठरावा आठवडा, असे होते. आता चार चाकांवर त्याच कंपनीचे, त्याच मापाचे, पण 0919 आकड्याचे, म्हणजे 2019 मधले टायर होते. डिकीतली स्टेपनी तेवढी जुनीच, 1823 ची, शिल्लक होती. बहुधा तिच्याकडे पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. बॅटरीवरचा अनुक्रमांकही वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता.

मीटरवर मात्र मी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा जेमतेम काही किलोमीटर अधिक दिसत होते. इथे बहुतेक माणसे समाधान मानून घरी जातील. डिजिटल मीटर मागे फिरवता येतो आणि तो फिरवून देणारेही असतात. पण पुष्कळ गाड्यांत धावेची नोंद मीटरखेरीज अन्य नियंत्रकांतही राहते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी स्कॅनरला लावली तेव्हा इंजिनाच्या नियंत्रकातला आकडा मीटरपेक्षा कितीतरी हजारांनी पुढे होता. तो कागद शिक्क्यासह लेखी मागून घेतला.

त्यानंतर फास्टॅगचे विवरण काढले. भारतातला मोबाईल क्रमांक तिकडे बंद असल्याने टोल कापल्याचे संदेश पोहोचलेच नव्हते, पण बँकेच्या नोंदीत टोलनाक्याचे नाव, तारीख आणि वेळ स्पष्ट असते. जुलैतल्या एका शनिवारी पहाटे खेड शिवापूर, मग आणेवाडी, तासवडे आणि किणी. रविवारी रात्री तेच नाके उलट्या क्रमाने. कोणीतरी माझ्या पैशांनी कोल्हापूरची वारी करून आले होते. पुढे शिल्लक संपल्यावर नोंदी थांबल्या, परंतु गाडी थांबली नव्हती. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला तेव्हा द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे सप्टेंबरचे चलान निघाले. त्यासोबतच्या छायाचित्रात नंबरप्लेट आमची होती आणि टपावर सामान बांधलेला कॅरिअर होता. आमच्या गाडीला कॅरिअर कधीच नव्हता. टपाच्या दोन्ही कडांना रंग खरवडल्याच्या बारीक खुणा होत्या, त्यांचा उलगडा तेव्हा झाला.

शेडमालकापुढे हे ठेवल्यावर आधी ‘काका, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय’ झाले, मग ‘पोरांनी नेली असेल, मला कल्पना नाही’ झाले आणि शेवटी चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसे, शेवटच्या महिन्याचे भाडे थकल्याची आणि ‘सर्व्हिसिंग’चे बिल बाकी असल्याची भाषा सुरू झाली. सुदैवाने भाडे आगाऊ भरल्याची पावती होती आणि गाडी तोवर आमच्या ताब्यात आली होती.

टायर-बॅटरी पुन्हा विकत घेता येतात. मला सर्वाधिक धास्ती वाटली ती जे घडले नाही त्याची. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देण्यास परवानगी नसते. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाड्यांची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात. खाजगी गाडीच्या विम्यात भाडोत्री वापर बसत नाही. त्या शनिवार-रविवारात कुणाला ठोकर बसली असती, तर भरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालक म्हणून नाव माझे आले असते आणि विमा कंपनीला वापराच्या अटीवर बोट ठेवता आले असते. ऑगस्टमध्ये मुदत संपणारा विमा मी कॅनडातून वेळेवर भरला होता, तो ‘नो क्लेम बोनस’ जाऊ नये म्हणून. तोच विमा अशा वेळी कितपत उपयोगी पडला असता याची शंकाच आहे.

पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे पहिले उत्तर मिळाले. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापर करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे, असे लेखी अर्जात नमूद केल्यावर अर्ज घेऊन त्याची पोच दिली गेली. अर्ज देताना तोंडी हकिकतीपेक्षा टोलचे विवरण आणि चलानाचे छायाचित्र पुढे ठेवावे. चर्चा लगेच थांबते. भारतीय करार कायद्याचे कलम 154 तर अशा प्रसंगासाठीच लिहिल्यासारखे आहे: सांभाळायला दिलेली वस्तू ठरलेल्या अटींबाहेर वापरली, तर त्या वापरात झालेल्या नुकसानीस सांभाळणारा जबाबदार असतो. वकिलाच्या नोटिशीत हे कलम घातले होते. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

नोटीस गेल्यावर शेडमालकाने टायर आणि बॅटरीची किंमत देऊ केली, मात्र पोलिसांतला अर्ज मागे घेण्याच्या अटीवर. ती अट आम्ही मान्य केली नाही. चलानावर हरकत नोंदवली असून त्या तारखेला मी देशाबाहेर होतो याचा पुरावा म्हणून पासपोर्टवरील जाण्या-येण्याच्या शिक्क्यांच्या प्रती जोडल्या आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली आहे आणि सुनावणी व्हायची आहे.