स्क्रीनवरचे बावीस आणि खिशातले साडेपंचवीस हजार

मी पंचवीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसणाऱ्यांना सोपे जाईल.

ऐन सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या आठवड्यात माझ्या २०१४ च्या पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’चा दिवा लागला आणि उभ्या गाडीत इंजिन थरथरू लागले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. फ्युएल ट्रिम, म्हणजे ही कमी भरून काढायला गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करतो ती वाढ, अधिक २२ टक्के. ‘सर, इंजेक्टर गेले, सेन्सरही गेला.’

शहाणपण सुचायला हवे होते ते इथेच. त्याने इंजिन अडीच हजार आरपीएमवर नेले आणि तो बावीसचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत पाचवर आला. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तुंबले असते, तर जास्त पेट्रोल लागताना आकडा असा उतरला नसता. फटीतून शिरणारी चोरटी हवा मात्र मोजकीच असते, इंजिन भरपूर हवा ओढू लागले की तिचा हिस्सा नगण्य होतो. हे गणित मला येत होते. त्याने झटकन स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि मी मान डोलावली! दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला परीक्षेसाठी नागपूरला न्यायचे होते. माझ्या जागी कोणीही हेच केले असते.

इंजेक्टर १४,८००, ऑक्सिजन सेन्सर ६,२००, ‘कॉम्प्युटर सेटिंग’ ४,५००. एकूण २५,५०० रुपये रोख, साध्या चिठ्ठीवर. शेवटी त्याने ट्रिम शून्य झालेली दाखवली. कोड पुसला की बहुतेक गाड्यांत ती आपोआप शून्यावर जाते. पन्नासएक किलोमीटर गाडी चालवून आकडा पुन्हा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

परतीच्या वाटेवर देवळीजवळ दिवा पुन्हा लागला. वर्ध्याच्या मेकॅनिकला इंजिनामागची रबरी नळी चिरलेली सापडली: नळी १६०, मजुरी २००. इंजेक्टरच्या बोल्टवर जुन्या धुळीचे पूट जसेच्या तसे होते. कोणी पाना लावलाच नव्हता. जुने सुटे भाग तिथल्या तिथे मागून घ्या, ही अक्कल मला तेव्हा आली.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवून ‘हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकवले, वर ‘तुम्ही मास्तर, तुम्हाला कळायला नको?’ हा आहेर. परिवहन कार्यालयाने गॅरेज आमच्याकडे येत नाही म्हणून हात झटकले. तिसऱ्या ठिकाणी साहेब बैठकीला, चौथ्या ठिकाणी पक्के बिल नाही म्हणून अर्जच घेतला नाही. फसवणाऱ्याला एक दुपार पुरली, मला मात्र पाच खेपा.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून ती चिठ्ठी आणि चिरलेली नळी मी कपाटात ठेवली आहे. गॅरेजवाला बाजारात भेटला की अजूनही ‘नमस्कार सर’ म्हणतो.