नौपाड्यातलं जुन्या चिनी मातीचं दुकान: माल घ्या, चिठ्ठी सोडा

पाचपैकी तीन तारे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका गल्लीतलं हे दुकान जुन्या फर्निचरसोबत निळी-पांढरी चिनी मातीची भांडी ठेवतं. माल बघण्यासारखा आहे, त्यावर लावलेल्या माहितीच्या चिठ्ठ्या मात्र कहर आहेत.

दर्शनी मोठ्या बशीवर लिहिलंय: ‘1784 साली अमेरिकेत उतरलेली’. किंमत 18,000. बशी पालथी घाला. बुडाला रोमन अक्षरांत ‘चायना’ असा शिक्का आहे. परदेशी मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने केली, ती 1891 पासून लागू झाली. म्हणजे बशी चिठ्ठीपेक्षा शंभरेक वर्षांनी तरुण. शिवाय चीनला गेलेलं पहिलं अमेरिकन जहाज, ‘एम्प्रेस ऑफ चायना’, फेब्रुवारी 1784 मध्ये न्यूयॉर्कहून निघालं आणि चहा, कापड, चिनी माती घेऊन परतलं ते मे 1785 मध्ये. 1784 साली थेट चीनहून उतरवणार काय?

बशी वाईट नाही, हाताने रंगवलेली आहे. कुंचला जिथे टेकला तिथे निळा गडद, पुढे फिका. शेजारच्या फळीवर ‘कॅन्टन’ (चीनच्या त्या बंदरातून परदेशी जाणारी, हाताने रंगवलेली निळी-पांढरी भांडी) म्हणून ठेवलेली बशी मात्र इंग्लंडची विलो नक्षीची, म्हणजे विलोचं झाड आणि पूल असलेला देखावा कागदावरून छापलेली. पुलावर तीन माणसं मोजा. कॅन्टनच्या देखाव्यात पूल असतो, माणसं नसतात. काठावर नक्षी जिथे जुळत नाही तिथे छापाच्या कागदाचा सांधाही दिसतो.

पाहताना बुडाच्या कड्यावरून बोट फिरवा. तिथे झिलई (वरचा काचेसारखा थर) नसते, माती खरखरीत लागते आणि बहुधा तांबूस छटा असते. मग बशी बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारा. नाद घुमला तर ठीक, बद्द आवाज आला तर केसाएवढी तड आहे असं धरा. अंधाऱ्या कोपऱ्यात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की रंगवून झाकलेली डागडुजी बहुतेकदा वेगळी चमकते. दुकानदार काका टॉर्च वापरू देतात, हे त्यांचं मोठेपण.

तक्रार रचून ठेवण्याबद्दल. गुलाबी-हिरव्या नक्षीच्या बशा एकावर एक आहेत, मध्ये फडकंही नाही. हे रंग झिलईच्या वर भाजलेले असतात, म्हणून वरच्या बशीचं खरखरीत कडं खालच्या बशीचे रंग आणि सोनं खरवडतं. त्या रंगांत शिसंही असतं. अशा बशीत लोणचं किंवा सोलकढी वाढू नका. निळा रंग झिलईखाली असल्याने त्याला ओरखड्याची भीती नाही.

आणखी एक. शंभर किंवा त्याहून जास्त वर्षं जुनी कलावस्तू विकायचा धंदा करायचा तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो. चिठ्ठीवर 1784 असेल तर तो मागा. चिठ्ठी आपोआप उतरेल, किंमतही. घासाघीस तिथूनच सुरू करा. पॅकिंगला एकच वर्तमानपत्र मिळतं, बबल रॅप घरून न्या.