भुलीच्या औषधांची फ्लॅश कार्डं: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः रंगांबद्दल

मेडिकलच्या सेकंड इयरला फार्माचा (औषधशास्त्राचा) धसका घेऊन १,१५० रुपयांना ही कार्डं घेतली. एकेका औषधाची माहिती एकेका कार्डावर, सोबत औषधाच्या प्रकारानुसार रंगीत पट्टी. महिनाभरात कार्डं एकत्र ठेवणारी रिंग तुटली, मी दोरा ओवला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रंगांची आहे.

कार्डांवर प्रोपोफॉल, थायोपेंटोन, केटामिन ही इंडक्शनची (सुरुवातीला पेशंटला झोपवणारी) औषधं लाल पट्टीत आणि मसल रिलॅक्सन्ट (स्नायू सैल करणारी) पिवळ्या पट्टीत छापलेत. मी तसंच डोक्यात बसवलं. मग अ‍ॅनेस्थेशियाची पोस्टिंग (त्या विभागात प्रत्यक्ष शिकायची पाळी) लागली. पहिल्याच दिवशी ट्रेमधल्या भरलेल्या सिरिंजकडे बोट दाखवून मॅडमनी विचारलं, "लाल लेबल कशाचं?" मी बेधडक सांगितलं, "इंडक्शनचं." मॅडम ओरडल्या नाहीत. सिरिंज उचलून माझ्यासमोर धरली. आत पाण्यासारखं नितळ मसल रिलॅक्सन्ट, अ‍ॅट्राक्युरियम. "हे चुकून आधी गेलं तर पेशंट जागाच असेल, सगळं ऐकू येईल, पण बोटही हलवता येणार नाही आणि श्वासही घेता येणार नाही." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

या लेबलांच्या रंगांना आंतरराष्ट्रीय मानक आहे: इंडक्शन पिवळं, रिलॅक्सन्ट लाल, ओपिऑइड (अफूवर्गातली वेदनाशामकं) निळं, लोकल अ‍ॅनेस्थेटिक (तेवढीच जागा बधिर करणारं) राखाडी. पहिल्या दोन रंगांत कार्डांनी नेमकं उलटं केलंय. प्रोपोफॉल दुधासारखं असतं, ते ओळखू येतं. पण अ‍ॅट्राक्युरियम, फेन्टानिल, ग्लायकोपायरोलेट सगळी नितळच. नाव वाचल्याशिवाय सिरिंजला हात लावायचा नाही हे खरं, तरी डोळा आधी रंगाकडेच जातो.

विक्रेत्याला मेल केला. उत्तर आलं, रंग डिझाइनचा भाग आहेत, बदलून घ्यायची मुदत दहा दिवसांची. मी एक स्टार द्यायला बसले होते.

पण मग लिग्नोकेन या लोकल अ‍ॅनेस्थेटिकचं कार्ड हातात आलं आणि थांबले. २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम, हे इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. ६० किलोचा पेशंट, अ‍ॅड्रेनालिन न मिसळता किलोला जास्तीत जास्त ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे २७० मिलिग्रॅम, म्हणजे साडेतेरा मिली. पोस्टिंगमध्ये हा हिशोब विचारला तेव्हा मी कागद न घेता सांगितला. सक्सिनिलकोलीन या मसल रिलॅक्सन्टचं कार्डही तसंच: फ्रिजमध्ये का ठेवतात, मिनिटाभरात लागून इतक्या लवकर का उतरतं, प्लाझ्मा कोलिनेस्टरेज (हे औषध मोडणारं रक्तातलं एन्झाइम) कमी असेल तर काय होतं, सगळं एका कार्डात. मजकूर लिहिणाऱ्यानं मनापासून लिहिलाय. म्हणून तीन स्टार.

घेणार असाल तर सीनियरकडून अर्ध्या किमतीत घ्या आणि अभ्यासाला बसायच्या आधी पट्ट्या झाका. मी स्टेशनरीतून रंगीत टेप आणली, ४० रुपयांत लाल-पिवळ्याचं काम झालं. राखाडी टेप कुठे मिळाली नाही, त्या कार्डांवर पेन्सिल फिरवलीय.